गाळानें वसविलेलीं बेटें

उष्ण प्रदेशांतील बेटांवरच्या अरण्यांत पक्षी पाहावयास जावयाचें म्हणजे आधीं समुद्र ओलांडावा लागतो. नाशिककरास एवढी यातायात पडत नाहीं. निफाड तालुक्यांत गोदावरी आणि कादवा यांचा जेथें संगम होतो, त्या नांदूरमध्यमेश्वराच्या पाण्यांत बाभळींनीं भरलेलीं बेटें आहेत, आणि हिवाळ्यांत त्यांच्या आश्रयास हजारों पक्षी येतात. नाशिकच्या भूमीला पक्ष्यांचा महिमा नवा नाहीं. इगतपुरी तालुक्यांतील टाकेद येथें जटायु पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. परंतु नांदूरचीं हीं बेटें पुराणांतलीं नव्हेत. त्यांचें वय फार तर शंभर-सव्वाशें वर्षांचें, आणि तीं कोणीं मुद्दाम केलेलींहि नाहींत.

१८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं दख्खनची दैना उडविली. पुढें १९०१ ते १९०३ या काळांत बसलेल्या पाटबंधारे आयोगानें अशा प्रदेशासाठीं संरक्षक कालव्यांचा पुरस्कार केला. त्याच काळजींतून नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ च्या दरम्यान उभा राहिला. हें कांहीं पाणी सांठविण्याचें मोठें धरण नव्हे. वरच्या अंगास दारणा नदीवर १९१६ मध्यें धरण पुरें झालें. तेथून सोडलेलें पाणी नांदूरला अडवावयाचें आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवून कोपरगांवाकडील कोरड्या जमिनीला पोंचवावयाचें, एवढेंच या बंधाऱ्याचें काम.

पण नदी नुसतें पाणी आणीत नाहीं. पावसाळ्यांत गढूळ झालेला प्रवाह बंधाऱ्यापाशीं येऊन मंदावला, कीं त्यांतील माती तळाशीं बसते. वर्षानुवर्षें हा गाळ चढत गेला. पात्र उथळ झालें, उथळ जागीं पाणकणीस माजलें, उंचवट्यांचीं बेटें झालीं व त्यांवर बाभळी रुजल्या. बंधारा बांधणाऱ्यांच्या दृष्टीनें ही निव्वळ हानि. प्रत्येक टोपलीभर गाळाबरोबर तितकेंच पाणी कमी. बदकांच्या दृष्टीनें मात्र याहून सोयीची जागा नाहीं. गुडघाभर पाण्यांत थापट्या आपली रुंद चोंच फिरवितो, चमच्या चिखल चाळतो, जांभळी पाणकोंबडी पाणकणसांतून लांब बोटांनीं चालत जाते. खोल जलाशयांत यांपैकीं बहुतेकांस उपाशीं राहावें लागलें असतें.

येथें चक्रवाकहि येतो. रात्रीं जोडीदारापासून ताटातूट होणारा म्हणून संस्कृत कवींनीं त्याच्यासाठीं पुष्कळ अश्रु गाळले आहेत. त्याचा संसार मात्र लडाख-तिबेटच्या उंच प्रदेशांत, कड्याकपारींच्या बिळांत चालतो. दख्खनच्या नदीकांठीं त्याचें घरटें कोणास दिसावें कसें?

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं या स्थळास महाराष्ट्राचें भरतपूर म्हटलें. ही उपमा वाटते त्याहून नेमकी आहे. कारण राजस्थानांतील भरतपूरची पाणथळहि माणसानें बांध घालूनच झालेली आहे. १९८६ सालीं नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झालें, आणि जानेवारी २०२० मध्यें रामसर कराराच्या यादींत त्याचें नांव जाहीर झालें. महाराष्ट्रांतील तें पहिलेंच रामसर स्थळ. तेथील नोंदींत २६५ जातींचे पक्षी आहेत.

येथपर्यंतचा वृत्तान्त आनंदाचा. परंतु वरच्या बाजूस चांदोरी आणि सायखेडा हीं गांवें आहेत. ऑगस्ट २०१६ मध्यें व पुन्हां ऑगस्ट २०१९ मध्यें गोदावरीचें पाणी या गांवांत शिरलें. पात्र गाळानें भरल्यामुळें फुगवटा मागें येतो, अशी गांवकऱ्यांची तक्रार आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्याजोगी खास नाहीं. सगळा गाळ उपसला तर बेटें आणि उथळ पाणी दोन्ही जातील. जसाचा तसा ठेवला तर घरांत पाणी शिरावयाची भीति राहते. पक्षिप्रेमी लोक या प्रश्नास फार लवकर बगल देतात. कोठला गाळ काढावा आणि कोठला राहूं द्यावा, हें शेतकऱ्यास बाजूला सारून ठरविणें न्यायाचें होणार नाहीं.

ज्यास हें सर्व डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, त्यानें नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जावें. मनमाड-नाशिक लोहमार्गावर निफाड स्टेशन आहे. तेथून अभयारण्य सुमारें १२ किलोमीटर. चापडगांवच्या बाजूस पक्षी पाहण्यासाठीं मनोरे उभारलेले आहेत. दुर्बीण असावी, भडक वस्त्रें नसावीं, आणि उजाडण्यापूर्वीं मनोऱ्यावर असावें, म्हणजे धुक्यांतून आधीं आवाज ऐकूं येतात आणि मागाहून पक्षी दिसूं लागतात. ऊन तापलें, कीं बदकें पाण्याच्या मध्यावर जाऊन पंखांत चोंच खुपसून बसतात. तोंवर निफाडची परतीची वाट धरावयास हरकत नाहीं.