पडद्यावरील विमान आणि इतिहासाचा पुरावा : काही उड्डाणदृश्यांचा विचार

प्रास्ताविक :

बीड शहरात पहिली रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. जिल्ह्यातील परळी वैजनाथला रेल्वे जुनी असली तरी जिल्ह्याच्या मुख्यालयातील कित्येक पिढ्यांनी रुळाची वाट पाहण्यातच आयुष्य काढले. प्रवासी विमानसेवेचा तर प्रश्नच उद्भवत नाही. अशा प्रदेशात विमान प्रथम जवळून पाहिले जाते ते चित्रपटात. प्रस्तुत लेखकाचीही गोष्ट वेगळी नाही. त्यामुळे पडद्यावरील उड्डाणदृश्ये हा आमच्या दृष्टीने केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. विमान म्हणजे काय, ते कोणी केले, ते कसे उडते याविषयीची आमची पहिली समजूत तेथेच घडते.

हा विषय निबंधासाठी निवडण्यास एक निमित्त घडले. पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना जगातील पहिले विमान शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर उडविले, असे विधान एकाहून अधिक विद्यार्थ्यांनी केलेले आढळले. वर्गात आधार विचारला असता एका विद्यार्थ्याने निःशंकपणे उत्तर दिले, "सर, सिनेमात दाखविले आहे." वर्ग हसला. परंतु त्या उत्तरात इतिहासाच्या अध्यापकासमोरील एक खरी अडचण आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

'विमान' या शब्दाचे दोन अर्थ :

मराठीत 'विमान' हा शब्द यंत्राच्या आधीपासून आहे. पुराणकथांतील देवांची वाहने, मंदिराच्या गाभाऱ्यावरील शिखराची रचना आणि संतांना वैकुंठी नेणारे वाहन असे त्याचे अर्थ रूढ होते. विसाव्या शतकात आकाशात यंत्र दिसू लागले तेव्हा भाषेने तोच शब्द त्याला देऊन टाकला. इंग्रजीत यंत्रासाठी नवा शब्द घडवावा लागला, आपल्याकडे तो तयार होता. ही सोय झाली खरी, पण त्यामुळे एक घोटाळाही झाला. जुन्या ग्रंथात 'विमान' हा शब्द वाचताच वाचकाच्या डोळ्यांसमोर इंजिन आणि पंख उभे राहू लागले.

मराठी चित्रपटाने हा जुना अर्थ प्रथम पडद्यावर आणला. दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये हनुमान आकाशातून जातो. प्रेक्षकांना ते दृश्य चमत्कारासारखे वाटले असेल, परंतु आपण पाहतो ते पुराण आहे याविषयी कोणाचा गैरसमज नव्हता. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात या परंपरेचे सर्वांत परिपूर्ण दृश्य आले. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दखल घेतली गेली, हे सर्वज्ञात आहे. अखेरीस विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम गरुडाकृती विमानातून वर जातो आणि गौरी यांनी साकारलेली जिजाई भूमीवरच राहते.

आजच्या तंत्राच्या तुलनेत ती करामत साधी आहे. तरीही ते दृश्य मनातून जात नाही, याचे श्रेय गरुडापेक्षा जिजाईला द्यावे लागेल. चित्रपटभर ती संसाराचा भार वाहते, नवऱ्याला बोल लावते आणि शेवटी विमान तिला न घेता जाते. येथे उड्डाणाचे मोजमाप खाली राहिलेल्या माणसावरून होते. १६५० मध्ये देहूस काय घडले हा इतिहासकाराचा वेगळा प्रश्न आहे. चित्रपट त्याचे उत्तर देत असल्याचा आव आणत नाही. तो वारकरी श्रद्धेतील एक प्रतिमा दाखवितो आणि प्रेक्षकही ती तशीच स्वीकारतो.

तळपदे : आख्यायिका, ग्रंथ आणि चित्रपट :

३० जानेवारी २०१५ रोजी विभू पुरी दिग्दर्शित 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात आयुष्मान खुराना यांनी तळपदे यांची, तर मिथुन चक्रवर्ती यांनी पंडित सुब्बराय शास्त्री यांची भूमिका केली. त्याच महिन्याच्या आरंभी मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला होता आणि त्यावर देशभर वाद झाला होता. चित्रपट व्यवसायाच्या दृष्टीने फारसा चालला नाही. परंतु त्यातील उड्डाणाचे तुकडे पुढे भ्रमणध्वनीवर फिरत राहिले आणि आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले ते त्याच मार्गाने.

तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील हे संस्कृतज्ञ गृहस्थ. स्वामी दयानंद सरस्वती यांच्या वेदभाष्यविषयक लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. विमानविद्येत त्यांना रस होता आणि त्यांनी त्या विषयावर मराठीत लेखनही केले. आख्यायिका अशी की, १८९५ मध्ये त्यांचे 'मरुत्सखा' हे मानवरहित यान चौपाटीवरून सुमारे १५०० फूट उंच गेले व खाली कोसळले. त्या वेळी सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे उपस्थित होते व 'केसरी'ने ही बातमी छापली, असेही सांगितले जाते.

या कथनाची परीक्षा आपण इतर कोणत्याही घटनेची करतो त्याच पद्धतीने केली पाहिजे. 'केसरी'चा दाखला पुनःपुन्हा दिला जातो, परंतु तारीख, पृष्ठ आणि मूळ मजकूर यांसह तो अंक पुढे ठेवला जात नाही. चौपाटी हे काही निर्जन स्थळ नव्हते. त्या काळच्या मुंबईत इंग्रजी व देशी वृत्तपत्रे भरपूर होती. एक संस्थानिक आणि उच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश यांच्या समक्ष यंत्र आकाशात गेले असते, तर त्याचे पडसाद अनेक ठिकाणी उमटले असते. सुब्बराय शास्त्री यांच्याशी जोडला जाणारा 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ १९१८ ते १९२३ या काळात त्यांनी सांगितला व लिहून घेतला गेला, असे त्याचे पुरस्कर्तेच सांगतात. म्हणजे तो १८९५ च्या यानाचा आधार होऊ शकत नाही.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यातील आकृत्या बंगळूरच्याच एका आरेखकाने काढलेल्या असून ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उड्डाणास असमर्थ आहेत, असा त्यांचा निर्णय होता. विशेष म्हणजे तळपदे यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाने प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडू शकल्या नाहीत, अशीही नोंद त्याच चिकित्सेत आहे.

येथे थोडे थांबून न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८९५ च्या सुमारास मानवरहित यान उडविण्याचा प्रयत्न करणे यात वेडेपणा काहीच नव्हता. जर्मनीत ओटो लिलिएंथाल १८९१ पासून पंखांच्या साहाय्याने तरंगत होता. अमेरिकेत सॅम्युएल लँगले यांची वाफेवर चालणारी मानवरहित प्रतिकृती ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे ३३०० फूट अंतर उडाली आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तिचे छायाचित्र घेतले. गिरगावातील एखादा गृहस्थ त्याच दशकात त्याच ध्यासाने झटत असेल, तर तो आपल्या काळाच्या सोबत होता. या प्रयत्नाचा इतिहास लिहिण्याजोगा आहे. यशाची आख्यायिका इतकी मोठी झाली की प्रयत्नाचा शोध घेण्याची कोणास गरजच वाटेनाशी झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते तळपदे यांच्यावर झालेला खरा अन्याय तो हाच.

राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाशी तुलना केल्यास पुराव्याचा अर्थ स्पष्ट होतो. ते पहिले उड्डाण अवघ्या १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे. तेथे ऑर्व्हिलने आधीच रोखून ठेवलेल्या कॅमेऱ्याची कळ जॉन डॅनियल्स याने दाबली. पाच साक्षीदार हजर होते, वडिलांना तार गेली, दैनंदिनीत नोंद झाली. दंतकथेतील १५०० फुटांपुढे १२० फूट किरकोळ वाटतात खरे, पण त्या १२० फुटांचे कागद आहेत.

मुंबईतही कॅमेरा फार दूर नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. त्यांतून प्रेरणा घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रीकरण त्यांनी केले ते चौपाटीवरच. कथित उड्डाण आणि त्या स्थळी पोहोचलेला चलच्चित्र कॅमेरा यांत जेमतेम सहा वर्षांचे अंतर आहे. 'हवाईजादा'ने १२० वर्षांनी ती उणीव भरून काढली. आख्यायिकेतील यान मानवरहित होते, पण चित्रपटात नायक स्वतः विमानात बसून उडतो. भडक रंग, उंच स्वरातील संगीत आणि इंग्रज अधिकाऱ्यांना दिलेली हुलकावणी यांमुळे प्रेक्षकाला पुरावा मागण्याची उसंतच मिळत नाही. 'संत तुकाराम'मधील विमान श्रद्धेचे म्हणून येते. 'हवाईजादा'तील विमान मात्र नाव, गाव आणि सन घेऊन येते, आणि म्हणून त्याची उलटतपासणी आवश्यक ठरते.

खऱ्या विमानांचे चित्रपट :

सर्वच चित्रपटांना एका मापाने मोजणे योग्य होणार नाही. विल्यम वेलमन यांचा 'विंग्ज' (१९२७) हा मूकपट पहिल्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट ठरला. वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धातील वैमानिक होते. त्यांनी विमानांवर कॅमेरे बसवून नटांना खरोखर आकाशात नेले. त्यामुळे कथा बेतीव असली तरी त्या काळच्या लाकडी-कापडी विमानांची हालचाल आणि उघड्या बैठकीतील वाऱ्याचा मारा यांचा तो चित्रपट आज जवळजवळ दस्तऐवज झाला आहे.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा चित्रपट म्हणजे गोविंद निहलानी यांचा 'विजेता' (१९८२). शशी कपूर निर्माते, कुणाल कपूर नायक आणि अमरीश पुरी प्रशिक्षक. भारतीय हवाई दलाच्या सहकार्यामुळे मिग-२१ सह खरी विमाने त्यात दिसतात. पटकथा दिलीप चित्रे यांची. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणाऱ्या कवीनेच लढाऊ वैमानिकाची कथाही लिहावी, हा योगायोग मराठी वाचकास सुखावणारा आहे. 'विजेता'त शौर्याइतकेच भयालाही स्थान आहे. वैमानिक कसा घडतो याचा संथ, काहीसा कंटाळवाणा वाटणारा क्रम दिग्दर्शकाने टाळलेला नाही. वर्गात एकच विमानपट दाखवायचा झाला तर प्रस्तुत लेखक हाच निवडील.

जे. पी. दत्ता यांच्या 'बॉर्डर'ची (१९९७) लोकप्रियता अर्थातच कितीतरी मोठी. रात्रभर वेढलेली लोंगेवाला चौकी आणि पहाटे येणारी हंटर विमाने, हे दृश्य आमच्या पिढीने दूरचित्रवाणीसमोर टाळ्या वाजवीत पाहिले आहे. विमानांनी पहाटेपर्यंत थांबणे ही नाट्यासाठी केलेली युक्ती वाटते, पण ते ऐतिहासिक सत्य आहे. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती, त्यामुळे ५ डिसेंबर १९७१ च्या पहिल्या उजेडातच ती निघाली. रणगाड्यांच्या विनाशात त्यांचा वाटा मोठा होता. चित्रपट मात्र भूमीवरील झुंजीला अधिक जागा देतो. येथे तपशील खरा आणि प्रमाण बदललेले, असा प्रकार आहे.

न चित्रित झालेले उड्डाण :

आमच्या प्रदेशाच्या इतिहासातील एक उड्डाणकथा मात्र अद्याप चित्रपटाची वाट पाहत आहे. बीडसह सर्व मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून चोरून शस्त्रे आणीत असे. पहिल्या महायुद्धात वैमानिकांचा 'सिडकॉट' हा उबदार पोशाख तयार करणारा आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनसाठी हवाई टेहळणीची छायाचित्रे काढणारा तो हाच कॉटन. 'विंग्ज'च्या काळातील उघड्या विमानांतून उडणाऱ्यांना ज्या थंडीशी झुंजावे लागे, तिच्यावरचा उपाय शोधणारा मनुष्य आमच्या शेजारच्या बीदरच्या धावपट्टीवर रात्री उतरत होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने संस्थानावर आली आणि चार-पाच दिवसांत सारे संपले. सोलापूर-नळदुर्गाच्या बाजूने सैन्य पुढे सरकत असता ती विमाने पाहिलेली माणसे मराठवाड्याच्या खेड्यांतून आता फार थोडी उरली आहेत. त्यांतील कित्येकांनी त्या दिवशी आयुष्यात प्रथमच विमान पाहिले असणार. ज्याने आधार म्हणून सिनेमाकडे बोट दाखविले होते, त्या विद्यार्थ्यास या वर्षीच्या प्रकल्पासाठी हाच विषय देण्यात आला आहे. गावातील नव्वदीच्या पुढील माणसांना भेटून, तारखा पडताळून आणि नावनिशीवार टिपणे ठेवून त्याने आठवणी गोळा करावयाच्या आहेत.