भंडारा जिल्ह्यातील केबल ग्राहक आणि त्याची तक्रार

दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा विचार करिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा पडद्यावरील कार्यक्रमांकडे जाते. कोणती मालिका कधी आली, तिचा समाजमनावर काय परिणाम झाला, खाजगी वाहिन्यांनी भाषा व वेशभूषा कितपत बदलली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात संशय नाही. परंतु १९९० नंतर या वाहिन्या ज्या तारेवरून घरोघर पोचल्या, ती तार तुटली म्हणजे काय होई? कोणास निरोप धाडावा लागे, तो केव्हा येई, आणि आलाच नाही तर ग्राहकाच्या हाती कोणता उपाय उरे? हा प्रश्न क्षुल्लक समजून बाजूस ठेवला गेला आहे. वस्तुतः शासन, लहान व्यावसायिक आणि सामान्य कुटुंब यांचे परस्परसंबंध बंद पडलेल्या तारेपाशी जितके उघडे होतात तितके ते चालू असलेल्या चित्रापाशी होत नाहीत. भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न पाहिल्यास असे दिसते की, ग्राहकाला जोवर कागदोपत्री अस्तित्व नव्हते तोवर त्याच्या हाती एक व्यवहारातील शस्त्र होते. आणि कायद्याने त्याला हक्क दिले त्याच सुमारास ते शस्त्र त्याच्या हातून निसटले.

जिल्ह्याची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडाऱ्याकडे भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके राहिले. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १२,००,३३४ असून तिचा सुमारे एक-पंचमांश भागच नागरी आहे. भंडारा शहर नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर. त्यामुळे केबलपूर्व काळात येथील दर्शकाची स्थिती सीमेवरच्या माणसासारखी होती. नागपूरच्या दिशेने अँटेना वळवावा, जोडीला बूस्टर लावावा, वारा सुटला की कोणीतरी छपरावर चढावे आणि खालून घरातल्यांनी ‘आले, आले, गेले’ असे ओरडून सांगावे. ह्या काळात चित्र नीट न दिसणे ही कोणाविरुद्ध करावयाची तक्रार नव्हती. अँटेना स्वतःचा, छप्पर स्वतःचे, दुरुस्त करणारा बाजारातील रेडिओ-मेकॅनिक. दूरचित्रवाणी संचासाठी डाकघरात परवाना-शुल्क भरावे लागे (ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यास बंद झाली), पण ते शुल्क संच बाळगण्याचे होते. चित्र दिसेल असे त्यात कोणतेही वचन नव्हते. याच्या उलट उदाहरण त्याच महामार्गाने पूर्वेस गेल्यावर सापडे. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे जो शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला, त्यात रायपूर परिसरातील खेडी होती. तेथील सामुदायिक संच शासनाचे असल्याने त्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था प्रयोगाच्या आखणीतच समाविष्ट होती. संच बंद पडणार हे आधीच गृहीत धरणारी अशी योजना पुढे या क्षेत्रात क्वचितच झाली.

१९९१ साली आखाती युद्धाचे वृत्त उपग्रहावरून मोठ्या शहरांतील हॉटेलांत दिसले, त्याच वर्षी स्टार वाहिन्यांचे प्रक्षेपण सुरू झाले, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी ही हिंदी वाहिनी आली. यानंतर देशभर जो व्यवसाय उभा राहिला त्याला भांडवल थोडे व परवानगी कोणतीच लागत नव्हती. एक ‘छत्री’, काही यंत्रे, गच्चीवरची खोली व तारेची भेंडोळी एवढ्यावर काम भागे. व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारे आणि संच दुरुस्त करणारे यांतूनच बरेचसे केबलचालक निघाले. म्हणजे सुरुवातीचा केबलवाला हा बहुधा स्वतःच दुरुस्ती जाणणारा माणूस होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

शासनाला या व्यवसायाची जाग उशिरा आली. राजस्थानात परवाना नाही या कारणाने केबल-जाळी बंद करण्याचा जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश झाला व ते प्रकरण १९९३ साली तेथील उच्च न्यायालयात गेले, तेव्हा या विषयावर स्वतंत्र कायदाच नाही हे ठळक झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये अध्यादेश निघाला व पुढे ‘केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम, १९९५’ हा कायदा झाला. त्यानुसार केबलचालकाने आपली नोंदणी प्रधान डाकघरात करावयाची व ती दर बारा महिन्यांनी नवी करून घ्यावयाची. जेथे पूर्वी ग्राहक परवान्यासाठी जात असे त्याच खात्याच्या दारात आता चालक जाऊ लागला.

या अधिनियमाचे कलम ७ अभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. मूळ कायद्यातील या कलमान्वये प्रत्येक चालकाने महिनाभरात दाखविलेल्या कार्यक्रमांची नोंदवही ठेवावी व ती एक वर्ष जपावी असे बंधन होते. तक्रारींची नोंदवही ठेवावी असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. कार्यक्रम आक्षेपार्ह असू नयेत, दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या अवश्य दाखवाव्यात, उपकरणे भारतीय मानकाप्रमाणे असावीत, इतर दूरसंचार यंत्रणेत व्यत्यय येऊ नये, या सर्वांची काळजी कायद्याने वाहिली. चित्र बंद पडल्यास ते किती वेळात सुरू व्हावे याविषयी तो मूक होता. पडद्यावर काय दिसते याची चिंता राज्याला होती. काही दिसते की नाही याची नव्हती.

आणि काही न दिसण्याचे प्रसंग तर वारंवार येत. याचे कारण केवळ चालकाची हयगय हे नव्हे. तारेतून जाणारा संकेत अंतराबरोबर क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी त्याचे बळ वाढविणारी यंत्रे बसवावी लागतात, आणि या यंत्रांना वीज लागते. ती वीज बहुधा जवळच्या एखाद्या घरातून घेतलेली असे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते व निरनिराळ्या वाहिन्यांवर वीज जाण्याच्या वेळा निरनिराळ्या होत्या. परिणामी दर्शकाच्या घरी वीज असूनही वाटेतील यंत्र दुसऱ्या विद्युत्-वाहिनीवर असल्यास चित्र जाई. दर्शकाच्या दृष्टीने हा केबलवाल्याचा गुन्हा. केबलवाल्याच्या दृष्टीने वीज मंडळाचा. ‘लाइन मागूनच बंद आहे’ हे उत्तर ग्राहकाला पळवाट वाटे, परंतु कित्येकदा ते अक्षरशः खरे असे. पावसाळ्यात विजा पडून यंत्रे जळत, तो भाग निराळाच.

तारेचा आणखी एक स्वभाव आहे. उच्च वारंवारितेचा संकेत आधी क्षीण होतो. म्हणून गावाच्या टोकाच्या घरांत वरच्या क्रमांकाच्या वाहिन्यांवर प्रथम ‘मुंग्या’ येत. खालच्या, म्हणजे उत्तम दिसणाऱ्या पट्ट्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवाव्यात असे बंधन २००० सालच्या दुरुस्तीने घातले होते. यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. टोकावरच्या ग्राहकाला जे अँटेनावर फुकट मिळू शकले असते ते स्वच्छ दिसे आणि ज्यासाठी तो दरमहा पैसे मोजी नेमके तेच मुंग्यांत हरवे.

तथापि या काळातील तक्रारीची खरी अडचण तांत्रिक नव्हती, ती कागदाची होती. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ अन्वये केबल जोडण्यांवर राज्याचा कर असे व तो महसूल यंत्रणेमार्फत वसूल होई. कर जोडण्यांच्या संख्येवर. वाहिन्यांच्या कंपन्यांना द्यावयाची रक्कमही जोडण्यांच्याच संख्येवर. अशा स्थितीत जोडण्या कमी दाखविणे हे चालकाच्या सरळ हिताचे होते, आणि हा प्रकार देशभर इतका सार्वत्रिक होता की, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० साली केबलचे अंकीकरण सुचविताना त्याचाही आधार घेतला. या लपवाछपवीचा जो परिणाम ग्राहकावर झाला तो मात्र फारसा चर्चिला गेला नाही. जी जोडणी नोंदवहीत नाही तिची पावती कशी देणार? आणि पावती नाही तर ग्राहक असल्याचा पुरावा कोणता?

ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ पासून अस्तित्वात होता. महाराष्ट्रात तर बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीमुळे या विचाराला त्याआधीच चालना मिळाली होती. मोबदला देऊन घेतलेली सेवा सदोष असल्यास जिल्हा मंचाकडे जाण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. पण मोबदला दिल्याचे सिद्ध करावयाचे तर कागद हवा, आणि महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या सेवेसाठी लाखांदूर किंवा तुमसरहून भंडाऱ्यास तारखांवर खेपा घालणे हे शेतमजुरी करणाऱ्या अगर लहान दुकान चालविणाऱ्या माणसास परवडणारे नव्हते. हक्क होता, त्याचा प्रवासखर्च हक्काहून अधिक होता.

मग ग्राहक अगदीच निराधार होता काय? तसे नव्हते. दर महिन्यास वसुलीला येणारा मुलगा हीच त्याची तक्रार-यंत्रणा होती. वसुलीचा दिवस हाच तक्रारीचा दिवस. ‘आठ दिवस दिसले नाही, आठ दिवसांचे पैसे कापा’ किंवा ‘आधी लाइन सुरू करा, मग पैसे’ असा हा व्यवहार उंबरठ्यावर चाले. त्यात घासाघीस होई, शब्दाला शब्द लागे, परंतु पैसे अजून ग्राहकाच्या खिशात असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असे. चालकही त्याच गावचा असल्याने त्याला बाजारात तोंड चुकविणे सोपे नव्हते. अर्थात हे वजन सर्वांना सारखे नव्हते. भर वस्तीतील दहा घरांनी पैसे रोखले तर माणूस त्याच सायंकाळी येई. टोकाच्या एकट्या घरासाठी शिडी व तार घेऊन कोणी लवकर निघत नसे. रोवणीच्या दिवसांत तर दुरुस्तीला माणूस दुपारी यायचा आणि घरचे सगळे बांधीत असायचे. कुलूप पाहून तो परत गेला की पुढील खेप केव्हा, याला नेम नसे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. एकाच वस्तीत बहुधा एकाच चालकाची तार असे, त्यामुळे जोडणी सोडण्याची धमकी पोकळच ठरे. पण पैसे रोखण्याची धमकी पोकळ नव्हती.

हे चित्र अंकीकरणाने पालटले. २०११ सालच्या दुरुस्तीनुसार देशात टप्प्याटप्प्याने जुनी पद्धत बंद करावयाची होती. चार महानगरे प्रथम, मग ३१ मार्च २०१३ पर्यंत नागपूरसह ३८ शहरे. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ या मुदतीत, भंडारा, तुमसर व पवनी या नगरपालिका-क्षेत्रांचा अंतर्भाव झाला. तीही अनेक उच्च न्यायालयांतील मुदतवाढीच्या प्रकरणांमुळे देशात ठिकठिकाणी लांबली. उरलेला ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७ या अंतिम तारखेखाली आला. म्हणजे ज्या जिल्ह्यात पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात तेथे नव्या व्यवस्थेची पाळी सर्वांत शेवटी आली.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक घरी ‘डबा’ आला, त्याला क्रमांक आला, ग्राहकाचा अर्ज भरला गेला. ग्राहक प्रथमच कागदावर उमटला. त्याचे हक्कही कागदावर उमटले. प्राधिकरणाच्या २०१२च्या विनियमांनी तक्रारीला आठ तासांत प्रतिसाद द्यावा, चित्र पूर्ण बंद असल्याच्या तक्रारींपैकी किमान ९० टक्के तक्रारी २४ तासांत व इतर प्रकारच्या तितक्याच तक्रारी ४८ तासांत निवारण व्हाव्यात असे ठरविले. तक्रार-केंद्र, तक्रारीस क्रमांक, राज्यवार नोडल अधिकारी, अशी उतरंड उभी राहिली. २०१७ साली नवे विनियम आले. १९९५च्या कायद्यातील मौन अशा रीतीने सतरा वर्षांनी सुटले.

परंतु डब्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे आगाऊ पैसे. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीत पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जाळ्यासाठी १३० रुपयांपर्यंत, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचे दर अशी आकारणी ठरली. बहुतेक ठिकाणी ही रक्कम आधी भरावयाची, मुदत संपताच डबा दुरूनच आपोआप बंद. उंबरठ्यावरील घासाघीस संपली. पैसे रोखून धरण्यास आता खिशात पैसेच उरले नाहीत. तार तुटली तर २४ तासांचा हक्क होता, पण तो दूरध्वनीवर सांगावयाचा होता, अनोळखी माणसास, आधी भाषा निवडून, मग डब्याचा क्रमांक वाचून. तेथून निरोप फिरून अखेर त्याच गावच्या केबलवाल्याकडे येई. या केबलवाल्याची स्थितीही बदलली होती. संकेत आता मोठ्या चालकाकडून येत होता, डबा सुरू-बंद करण्याची किल्ली त्याच्याकडे नव्हती, आणि ‘लाइन मागूनच बंद आहे’ हे वाक्य पूर्वीपेक्षा अधिक खरे झाले होते. चित्राचे बिघडणेही बदलले. जुन्या पद्धतीत मुंग्यांमधूनही सामना दिसे. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहते आणि ती ओलांडताच चौकोनांत गोठते. अर्धवट सेवा सहन करण्याची जी एक जागा होती ती नाहीशी झाली.

प्राधिकरणाकडे वैयक्तिक तक्रार चालविण्याचा अधिकार नाही, ही बाब ग्राहकास सहसा उशिरा कळते. ती वाट पुन्हा ग्राहक मंचाकडे, म्हणजे २०२० पासूनच्या जिल्हा आयोगाकडे जाते. २०१९च्या नव्या ग्राहक कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासस्थानाच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली, हा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने लहान नसलेला बदल होय. प्रतिपक्ष नागपुरात किंवा मुंबईत आहे, हे कारण आता पुरेसे राहिले नाही.

दरम्यान एक मोठा वर्ग या संबंधातूनच बाहेर पडला. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या, व आता फ्री डिश नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दूरदर्शनच्या थेट प्रक्षेपणाला मासिक शुल्क नाही. छत्री व डबा एकदा विकत घेतला की कोणाचे देणे नाही आणि कोणावर हक्कही नाही. बिघाड झाल्यास बाजारातील मेकॅनिक. केबलपूर्व काळातील अँटेना जणू दिशा बदलून आकाशाकडे तोंड करून पुन्हा छपरावर आला.

या इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्न संशोधकांपुढे आहे. करमणूक कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाल्याने त्या शाखेचे कागद आता बंद दप्तरांत जमा होण्याचे आहेत. केबलचालकांची नोंदणी जानेवारी २०२५ मधील नियमदुरुस्तीने डाकघरांकडून काढून केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, संगणकाद्वारे व पाच वर्षांच्या मुदतीने, नेण्यात आली. तीस वर्षे प्रधान डाकघरांत भरलेले नमुने व नोंदवह्या यापुढे कोणाच्याही दैनंदिन कामाच्या नाहीत. गावागणिक चालक किती होते, ते केव्हा आले व केव्हा गेले, हे त्यांवरून आणि करमणूक कराच्या दप्तरावरून ताडून पाहता येईल. दोहोंतील तफावत हीच पावतीविना राहिलेल्या ग्राहकांची अप्रत्यक्ष मोजदाद ठरू शकते. चालकांच्या घरी वसुलीच्या लहान वह्या असत. त्यांत नावांपुढे ‘बाकी’ असे लिहिलेले आढळल्यास ती बाकी दारिद्र्याची की तक्रारीची, हे त्या घरच्या लोकांना विचारूनच कळेल, आणि तसे विचारण्याजोगी माणसे आज जिल्ह्यात आहेत.