नेव्हिल डिसोझाचे तीन गोल

एरंडोल असो की पुणे, रात्र जागून प्रीमियर लीग बघणारी मंडळी हल्ली सगळीकडे भेटतात. पण नेव्हिल डिसोझा किती जणांना माहीत आहे?

जन्म १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. मुंबईत तो टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळला. करार, एजंट असलं तेव्हा काही नव्हतं. अहो, इंग्लंडमध्येही १९६१ पर्यंत खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती! गंमत म्हणजे ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू चालत, त्यामुळे धंदेवाईक नसणंच त्याच्या पथ्यावर पडलं.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपण ४-२ ने जिंकलो, त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही त्याच्याच गोलने आपण आधी पुढे होतो, मग १-४ हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. चार गोल करून तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत होता, पण भारत चौथा. पदक नाही, म्हणून आठवणही नाही...

१९८० साली, पन्नाशीही न गाठता तो गेला. ऑलिंपिकमध्ये त्या चौथ्या क्रमांकाच्या वर आपला फुटबॉल संघ अजून गेलेला नाही.