वहीतून कोणी खोडले नाही : बून घराण्याची वंशावळ

गेल्या वर्षी पितृपक्षात आमच्या घरी जुनी वंशावळ बाहेर निघाली. आजोबांनी टाकाने लिहिलेला, घडीवर फाटत आलेला कागद. नऊ पिढ्या, पण सगळे मुलगेच. पणजोबांना दोन बहिणी होत्या असे आत्या सांगे. कागदावर त्यांचा पत्ता नाही. एका चुलत आजोबांच्या नावावर काट मारलेली. त्यांनी जातीबाहेर लग्न केले, एवढाच त्यांचा गुन्हा. आम्ही महसूल खात्यात नामांतरणाच्या फायली पाहणारे. वारसांच्या यादीत एक नाव राहिले की पुढे किती वर्षे भांडण चालते, हे आम्हाला पाठ आहे. स्वतःच्या घरच्या कागदाकडे मात्र त्या नजरेने कधी पाहिले नव्हते.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियात नोकरी करणाऱ्या आमच्या भाच्याने डॅनियल बूनच्या जन्मस्थानाचे फोटो पाठवले. १७७५ मध्ये डोंगररांगांतून केंटकीकडे वाट काढणारा हा बून अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. भाच्याने लिहिले, ‘मामा, या लोकांची तीनशे वर्षांची हकीकत सभेच्या वह्यांत सापडते.’ आमची जिज्ञासा जागी झाली आणि मिळेल ते वाचत गेलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

बून घराणे क्वेकर पंथाचे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून हा पंथ उभा राहिला. त्यांना पाद्री नको, बाप्तिस्मा नको, शपथ नको, युद्ध नको. देवाचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतरात आहे, तेव्हा सगळ्यांनी शांत बसावे आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने बोलावे, अशी त्यांची उपासना. इंग्लंडमध्ये त्यांनी तुरुंगवास भोगला. १६८१ मध्ये विल्यम पेनला राजाकडून पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि त्यांना हक्काचा मुलूख लाभला.

वंशावळ शोधणाऱ्याला हा पंथ म्हणजे वरदानच. कारण साधे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद गावच्या चर्चमध्ये होई. हे लोक चर्चमध्ये जातच नसत, म्हणून त्यांना स्वतःच्या वह्या ठेवणे भाग पडले. महिन्यातून एकदा कामकाजाची सभा भरे. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, आणि दोन्ही सभांचे कामकाज लिहून ठेवले जाई. लग्न करायचे तर वधूवरांनी सभेपुढे दोनदा इरादा सांगायचा, सभेने चौकशीला माणसे नेमायची, आणि लग्नाच्या दिवशी हजर असलेल्यांनी दाखल्यावर सह्या करायच्या. गाव सोडायचे तर जुन्या सभेचा दाखला नव्या सभेत दाखवायचा. आपल्याकडे शाळा बदलताना दाखला लागतो, तसेच. हे दाखले जोडत गेले की कुटुंब कुठून कुठे गेले ते कळते.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉर्ज बून हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचा विणकर. त्याने आधी तीन मोठी मुले पुढे धाडली आणि मग १७१७ मध्ये बायको मेरी आणि उरलेली मुले घेऊन तो फिलाडेल्फियाला उतरला. आधी ग्विनेड आणि नंतर ओली भागात, जिथे पुढे एक्सेटरची सभा भरू लागली, तिथे घराणे स्थिरावले. १७४४ मध्ये तो वारला तेव्हा त्याची आठ मुले, बावन्न नातवंडे आणि दहा पतवंडे हयात होती, म्हणजे एकूण सत्तर. ही गणती घराण्याच्याच टिपणात आहे. जॉर्जचा नातू जेम्स याने १७८८ मध्ये ते सिद्ध केले. बायबलातल्या याकोबाच्या कुटुंबातही इजिप्तला गेलेले सत्तर जण होते, असेही त्यात नमूद आहे.

आता एक खाचखळगा पाहा. जॉर्जचा मुलगा स्क्वायर (हे त्याचे नावच, पदवी नव्हे) याचे सेरा मॉर्गनशी लग्न १७२० मध्ये, ‘सातव्या महिन्याच्या २३ तारखेला’ झाले. छापील वंशावळींत कुठे २३ जुलै दिसते, तर कुठे २३ सप्टेंबर. क्वेकर लोक मूर्तिपूजकांच्या देवांवरून पडलेली महिन्यांची नावे टाळत आणि महिन्यांना आकडे देत. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि पहिला महिना मार्च धरत. म्हणजे सातवा महिना सप्टेंबरच. १७५२ मध्ये पंचांग सुधारताना २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला आणि अकरा दिवस गळाले. म्हणूनच डॅनियलचा जन्म जुन्या गणनेने २२ ऑक्टोबर १७३४ ला, तर नव्या गणनेने २ नोव्हेंबरला.

आम्हा इंदूरकरांना यात नवल वाटू नये. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, तर शेजारच्या शर्माजींकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एकच, महिना निराळा. जुन्या कागदातली तिथी वाचताना लिहिणारा कोणत्या रीतीचा, हे आधी पाहावे लागते.

पण आम्हाला खरे थांबवले ते दुसऱ्याच नोंदींनी. पंथाबाहेर लग्न करणे हा सभेच्या दृष्टीने अपराध होता. १७२० मध्ये मुलगी मेरी हिला जॉन वेबशी लग्नाच्या हेतूने भेटण्यास संमती दिल्याबद्दल जॉर्जला सभेपुढे चूक कबूल करावी लागली. १७४२ मध्ये स्क्वायरची थोरली मुलगी सेरा हिने पंथाबाहेरच्या जॉन विलकॉक्सनशी लग्न केले आणि ती आधीच गरोदर होती. बापाने सभेची क्षमा मागितली. पुढे १७४७ मध्ये मुलगा इझ्रेल यानेही बाहेर लग्न केले. या वेळी मात्र स्क्वायर बधला नाही. त्याने क्षमा मागितली नाही आणि १७४८ मध्ये सभेने त्याला बाहेर काढले. बायको सेरा सभासद राहिली. १७५० मध्ये कुटुंब नॉर्थ कॅरोलिनाकडे निघाले तेव्हा तिने स्वतःसाठी आणि मुलांसाठी सभेचा दाखला घेतला.

हा बहिष्कारच होता, त्याचे आम्ही कौतुक करत नाही. पण फरक बघा. सभेने माणसाला बाहेर काढले, वहीतून खोडले नाही. नाव, बापाचे नाव, नवऱ्याचे नाव, वर्ष, अपराध, सगळे लिहून ठेवले. आज मेरी आणि सेरा सापडतात त्या त्यांच्या ‘अपराधा’च्या नोंदीमुळे. निमूटपणे नियम पाळणाऱ्यांपेक्षा त्यांची हकीकत अधिक ठळक उरली आहे.

याच घराण्याचा धागा लिंकन घराण्याशी जुळतो. डॅनियलची चुलत बहीण अ‍ॅन बून हिने १७६० मध्ये एका अब्राहम लिंकनशी लग्न केले. हा राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या पणजोबांचा सावत्र भाऊ. तो पंथाबाहेरचा, म्हणून अ‍ॅनलाही सभेपुढे कबुली द्यावी लागली. खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८५९ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात आपले पूर्वज मुळात पेनसिल्व्हेनियाचे क्वेकर असल्याचे सांगितले आहे. न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी नाते जोडण्याच्या प्रयत्नात नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही, असेही तो लिहितो. पुढे संशोधकांनी एकेक कागद जोडून हे नाते १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला आलेल्या सॅम्युअल लिंकनपर्यंत पोचवले. नाव सारखे म्हणजे नाते सिद्ध नव्हे, हा धडा आपल्याकडे आडनावावरून थेट पेशवाईत पोचणाऱ्यांनीही गाठीला बांधावा.

वाचकहो, आम्ही आता आमची वंशावळ नव्याने लिहायला घेतली आहे. आत्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्यापुढे वही घेऊन बसलो. पणजोबांच्या एका बहिणीचे नाव त्यांना आठवले, ‘यमू’. सासर धारचे, एवढेच ठाऊक. दुसरीचे नाव अजून सापडलेले नाही. तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे. काट मारलेल्या चुलत आजोबांचे नाव त्यांच्या जागी पुन्हा लिहिले आणि शेजारी त्यांच्या पत्नीचेही लिहिले. आत्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाल्या, ‘बरं झालं रे, तिच्या हातची पुरणपोळी मी खाल्ली आहे.’

आपल्याही घरी असा एखादा कागद असेल. यंदा गौरी जेवायला येतील तेव्हा घरात माहेरवाशिणी जमतील आणि वडीलधारी मंडळीही असतील. तेव्हा त्यांना विचारा आणि लिहून घ्या.