सुई, वीज आणि टाक्यांचं दुखणं

पोटावर टाके असताना कुणी आणखी सुया टोचायला आलं, तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. १९७१ च्या जुलैत जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराने मात्र होकार दिला. पेकिंगमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या रात्री पोट फुगून दुखायला लागलं. वैद्यांनी उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचून फिरवल्या. तासाभरात पोट हलकं झालं. ऑपरेशनच सुयांवर झालं असं लोक अजून सांगतात. ते खोटं, भूल नेहमीच्या इंजेक्शनचीच होती.

सुई हाताने फिरवत बसायचं म्हणजे जात्यासारखंच, हात भरून येतो. म्हणून चिनी डॉक्टरांनी सुयांना छोट्या यंत्राच्या तारा जोडल्या. पेकिंगचे हान जिशेंग १९६५ पासून याचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं, की सौम्य विजेने शरीर स्वतःचीच वेदना कमी करणारी द्रव्यं सोडतं. सेकंदाला २ ठोके दिले तर एक प्रकारची, १०० दिले तर दुसरी.

गर्भपिशवी काढलेल्या बाईला 'सोस थोडं' म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. अर्थात ही सुई गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं.

आपल्याकडे ही विद्या आणली कोलकात्याच्या डॉ. बसूंनी. १९३८ साली सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले, त्याच पाच जणांच्या पथकात तेही होते.