हेगच्या ओतशाळेतली तोफ

पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लेथवर उभे राहिलो, तेव्हा वर्कशॉपचे सर बजावायचे, "आधी टूलला धार लावायला शिका, मग मशीनला हात लावा." पुढे परदेशात मास्टर्स करून मी संगणकात शिरलो आणि लेथ मागे पडले. हेगमध्ये राहायला आल्यावर इथल्या एका कारागिराची गोष्ट वाचनात आली आणि सरांचे ते वाक्य पुन्हा आठवले.

मुलुखमैदान तोफ आपल्याला ठाऊक आहेच. १५४९ साली अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ओतलेली ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. त्या काळी तोफा मातीच्या गाभ्याभोवती धातू ओतून करत. ओतताना गाभा जरा हलला, की नळी वाकडी!

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या योहान मारित्झने भरीव तोफ ओतून मग तिला भोक पाडण्याची रीत रुळवली. १७५५ मध्ये हेगच्या सरकारी ओतशाळेत आलेल्या यान फरब्रुखेन यांनी आडव्या यंत्रावर हेच केले. गंमत म्हणजे त्यात अख्खी तोफ फिरे आणि हत्यार न फिरता फक्त पुढे सरके. त्यामुळे भोक बरोबर मध्यावर राही. लेथवर जॉब फिरतो, तसेच!

पण हेगमध्ये त्यांच्या तोफांवरून वाद झाले. १७७० मध्ये, साठीकडे झुकलेल्या वयात, मुलगा पीटरसह ते इंग्लंडला वुलिचच्या ओतशाळेत गेले. तिथे त्यांचे यंत्र घोड्यांच्या जोरावर चाले.

१७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने इंग्लंडमध्ये अशाच पद्धतीचे पेटंट घेतले आणि पाठोपाठ जेम्स वॅटच्या इंजिनाचे सिलिंडर कोरून दिले. पन्नास इंची सिलिंडरमधली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही नव्हती. वाफ गळायची थांबली, म्हणून तर इंजिन चालले.

आणि धार? १७९८ मध्ये रम्फर्डने आपला म्युनिकचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने मुद्दाम बोथट हत्यार तोफेत दाबून धरले. अडीच तासांत भोवतीचे पाणी उकळू लागले! धारेचा कोन बरोबर असेल तर धातू कीस होऊन सुटतो, नसेल तर हत्यार नुसते घासते आणि तापते. सर सांगत होते ते हेच.

हेगने कारागीर गमावला, पण विद्या त्याच्याबरोबर समुद्रापार गेली. आपणही तशीच विद्या घेऊन इथे आलो आहोत. पुढच्या भारतवारीत मुलांना विजापूरला नेणार आहे. मुलुखमैदानच्या तोंडात डोकावून त्यांनीच सांगावे, ही नळी कशी केली असेल?