व्हागानोवा, अग्रिपीना याकव्हलेव्हना

(२६ जून १८७९ – ५ नोव्हेंबर १९५१). रशियन बॅले-नर्तकी आणि विसाव्या शतकातील अग्रगण्य बॅले-शिक्षिका. जन्म सेंट पीटर्झबर्ग येथे. वडील अस्त्रखानकडील आर्मेनियन. फौजेतील किरकोळ हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर मारिन्स्की या शाही रंगमंदिरात प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखविण्याच्या नोकरीस ते लागले होते. शाही नृत्यशाळेत निवड झालेल्या मुलांच्या राहण्याजेवणाची तजवीज सरकारी खजिन्यातून होत असे, आणि बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबास हा आधार मोठाच होता. अग्रिपीना बालवयातच त्या शाळेत दाखल झाली व १८९७ मध्ये तेथून उत्तीर्ण होऊन मारिन्स्कीच्या समूहनर्तकींत रुजू झाली. पुढे हिंदुस्थानात येऊन गेलेल्या आणि उदयशंकरांना आपल्याबरोबर रंगभूमीवर आणणाऱ्या आना पाव्हलोवा याच शाळेतून दोनच वर्षांनी बाहेर पडल्या. परंतु पाव्हलोवांना ज्या वेगाने बढती मिळाली, त्याच्या पासंगासही व्हागानोवाबाईंची प्रगती पुरत नव्हती.

याची कारणे शोधण्यास दूर जावयास नको. ठेंगणा बांधा, जाड स्नायूंचे पाय आणि काहीशी कठोर बाहुरेषा, अशा देहयष्टीला त्या काळच्या नायिकेच्या कल्पनेत स्थान नव्हते. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा यांनी तर आपल्या रोजनिशीत त्यांच्या नाचाविषयी स्पष्ट नापसंती नोंदवून ठेवली आहे. तथापि उंच व हलकी उडी आणि पायांचे बिनचूक, वेगवान काम हे त्यांचे गुण इतके निर्विवाद होते की, मोठ्या बॅलेतील छोट्या एकलनृत्यांत, ज्यांस ‘व्हेरिएशन’ म्हणतात त्यांत, त्यांची बरोबरी करणारी नर्तकी विरळाच आढळे, आणि ‘व्हेरिएशनांची राणी’ हे बिरुद रसिकांनी व समीक्षकांनी त्यांना बहाल केले. बॅलेरीना हा सर्वोच्च दर्जा मात्र १९१५ मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावर, हाती आला. १९१६ मध्ये त्यांनी शाही रंगमंचाचा निरोप घेतला.

या अठरा-एकोणीस वर्षांच्या उमेदवारीला अपयश म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. ज्या नर्तकीला निसर्गाने सर्व काही दिलेले असते तिला स्वतःच्या पावलाचे विश्लेषण करण्याची गरजच पडत नाही. व्हागानोवाबाईंना ती पदोपदी पडली. शाळेत त्यांना फ्रेंच परंपरेचे मार्दव व डौल शिकविला गेला होता, पण त्या पद्धतीत सामर्थ्य व समतोल कमी पडतो हे इटालियन नर्तकींचे पल्लेदार गिरकीप्रयोग पाहताना त्यांच्या ध्यानात आले. उलट इटालियन पद्धतीत उडीच्या वेळी पाय आखडले जातात व बाहूंना ताठरपणा येतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. इटालियन नृत्यशिक्षक एन्रिको चेकेत्ती यांच्या तालमीने काय साधते हे ओल्गा प्रेओब्राझेन्स्का या वडीलधाऱ्या सहकारिणीच्या उदाहरणावरून त्या शिकल्या. दोन्ही परंपरांतील टिकाऊ अंश घेऊन रशियन भावपूर्णतेशी त्यांची सांगड घालणे, हेच त्यांच्या पुढील आयुष्याचे कार्य ठरले.

क्रांतीनंतरचा काळ बिकट होता. पतीच्या निधनाने संसाराचा भार एकटीवर आला होता, आणि बॅले ही झारच्या दरबाराची करमणूक असल्याने ती मोडीतच काढावी, असे म्हणणारा पक्षही प्रबळ होता. व्हागानोवाबाईंनी प्रथम समीक्षक आकीम व्होलिन्स्की यांच्या शाळेत व १९२१ पासून पूर्वीच्या शाही, आता सरकारी झालेल्या नृत्यशाळेत अध्यापन पत्करले. अभिजात तालीम कालबाह्य झाल्याच्या आक्षेपास त्यांनी वादविवादाने उत्तर दिले नाही. १९२५ मध्ये मारिना सेम्योनोवा व १९२८ मध्ये गालीना उलानोवा व तात्याना व्हेचेस्लोवा त्यांच्या वर्गातून बाहेर पडल्या, तेव्हा उत्तर रंगमंचावर उभे होते. नातालिया दुदिन्स्काया, आल्ला शेलेस्त, आल्ला ओसिपेंको आणि अखेरच्या वर्षातील इरिना कोल्पाकोवा यांनी ही मालिका पुढे नेली. यांतील कोणतीही नर्तकी दुसरीसारखी नाचत नसे: सेम्योनोवाचे राजसपण, उलानोवाची अंतर्मुख तरलता आणि दुदिन्स्कायाचा झपाटा एकाच वर्गात घडले, ही गोष्ट पद्धत आणि साचा यांतील अंतर दाखविण्यास पुरेशी आहे.

पद्धतीचे मर्म असे की, पाय, कंबर, पाठ, बाहू व मस्तक यांचे काम प्रथमपासून एकत्र बसविले जाते. विशेषतः पाठीचा कणा हा सर्व हालचालींचा आधार मानला जातो. गिरकीचे उदाहरण घेऊ. नवशिकी मुलगी टाचेच्या झटक्याने फिरू पाहते व दुसऱ्याच फेऱ्यात तोल गमावते. येथे तिला शिकविले जाते की, जोर बाहूंनी घ्यावयाचा, पुढचा बाहू उघडताच दुसऱ्याने त्यास येऊन मिळावयाचे, आणि या वेळी पाठ तसूभरही ढळू द्यावयाची नाही. पाऊल चुकले की का चुकले हे विद्यार्थिनीने स्वतः सांगावयाचे, असा वर्गाचा शिरस्ता होता. हे सर्व १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अभिजात नृत्याची मूलतत्त्वे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात त्यांनी शास्त्रशुद्ध क्रमाने मांडले. त्याचे इंग्रजी भाषांतर १९४६ मध्ये निघाले.

१९३१ ते १९३७ या काळात लेनिनग्राडच्या (पूर्वीचे सेंट पीटर्झबर्ग) बॅलेसंघाचे कलासंचालकपद त्यांच्याकडे होते. १९३३ च्या ‘स्वान लेक’मध्ये त्यांनी ओदेत व ओदील या भूमिका दोन स्वतंत्र नर्तकींकडे, अनुक्रमे उलानोवा व ओल्गा योर्दान यांच्याकडे, सोपविल्या. १९३५ च्या ‘एस्मेराल्दा’साठी रचलेले डायना व अॅक्टिऑन यांचे युगुलनृत्य आजही जगभरच्या स्पर्धांत सादर होते. मात्र रचनाकार म्हणून त्यांचे स्थान शिक्षिकेच्या तुलनेने गौणच मानावे लागते. १९३४ मध्ये रशियन प्रजासत्ताकाची ‘लोककलावंत’ ही पदवी व १९४६ मध्ये स्तालिन पारितोषिक त्यांना मिळाले. लेनिनग्राड येथेच त्या निवर्तल्या.

१७३८ मध्ये स्थापन झालेल्या व आता रोस्सी मार्गावर असलेल्या त्या शाळेस १९५७ मध्ये व्हागानोवांचे नाव देण्यात आले. रूडॉल्फ नुरेयेव्ह आणि मिखाईल बारिश्निकोव्ह यांना कित्येकदा त्यांचे शिष्य म्हटले जाते, ते चूक आहे; दोघेही या शाळेत त्यांच्या मृत्यूनंतर आले आणि त्यांना अलेक्सांद्र पुश्किन या शिक्षकांनी घडविले. व्हागानोवाबाईंची ख्याती मुलींच्या वर्गांवर उभी आहे. पुरुष नर्तकांच्या शिक्षणाची तशीच सविस्तर मांडणी मॉस्कोत निकोलाय तारासोव्ह यांनी केली, तर खुद्द व्हागानोवाबाईंच्या शिष्या वेरा कोस्त्रोवित्स्काया यांनी त्यांच्या पद्धतीची पाठ्यपुस्तके लिहून ती पुढील शिक्षकांच्या हाती दिली.